पाहुणा जेवत का नाही?

नागपंचमी होऊन सहा दिवस झाले होते. संध्याकाळी वाराणसीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, आमच्याकडे एक पाहुणा आलाय आणि तो काही केल्या जेवत नाही."

बहिणीचे सासर ब्रह्माघाटाजवळ. तिथे, दुर्गाघाटावर आणि पंचगंगेच्या आसपास मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. काशीयात्रेला येणाऱ्यांचा राबता तिला नवा नाही. पण हा पाहुणा निराळा होता. बारा वर्षांच्या भाच्याने साठवलेले खाऊचे पैसे गारुड्याला देऊन दीड हात लांबीची धामण विकत आणली होती आणि काचेच्या जुन्या मासेपेटीत ठेवली होती.

"मावशी, मी तिला सोडवून आणलं. पण ती दूध पीत नाही, अंडं खात नाही. काल पाल टाकली, तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही." मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "श्रावणात नागदेवता उपाशी! घराला दोष लागेल."

दोष लागणार होता, पण वेगळ्या कारणाने.

दूध हे सापाचे अन्न नव्हे

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. साप सस्तन नाही, त्यामुळे त्याला दूध पचत नाही. मग नागपंचमीला नाग दूध पिताना कसा दिसतो? कारण गारुडी त्याला आधी कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून ठेवतात. घशाला कोरड पडलेला जीव समोर येईल ते द्रव पितो. हे दूध कधी श्वासनलिकेत जाते आणि साप फुप्फुसाच्या आजाराने मरतो. वरून उधळलेली हळद-कुंकवाची पूड डोळ्यांना आणि नाकपुड्यांना इजा करते ती वेगळीच.

धामणीचे खरे अन्न म्हणजे उंदीर, घुशी, बेडूक. म्हणून तर तिला शेतकऱ्याची मैत्रीण म्हणतात.

भूक का मरते?

पण योग्य अन्न समोर ठेवले तरी नव्याने आणलेला साप बहुधा खात नाही. भीती हे पहिले कारण. उघड्या काचेच्या पेटीत त्याला लपायला जागा नसते आणि घरातले सगळे येता-जाता काचेवर टिचक्या मारत असतात. जो जीव स्वतःच सावज झाल्यासारखा घाबरला आहे, तो शिकार कशी करणार?

दुसरे कारण ऊब. साप आपल्यासारखी शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाही. अंगाला पुरेशी ऊब नसेल तर गिळलेले अन्न पचत नाही, म्हणून तो खाणेच टाळतो. कात टाकण्याच्या आधी त्याचे डोळे दुधट होतात. त्या दिवसांतही तो तोंडाला काही लावत नाही. शिवाय त्याची भूकच मुळी आपल्यासारखी नाही. एका उंदरावर त्याचा आठवडा सहज निघतो आणि मोठा अजगर तर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो.

परदेशांत पिंजऱ्यात जन्मलेले साप पाळणारे लोकसुद्धा नवा साप आणल्यावर पाच-सात दिवस त्याला हातही लावत नाहीत. पेटीत लपायला खोपा, पाण्याचे भांडे आणि एका बाजूला ऊब ठेवतात. मगच मेलेला उंदीर कोमट करून देतात. एवढे करूनही आफ्रिकेतला बॉल पायथन नावाचा छोटा अजगर कधी कधी महिनोन्‌महिने रुसून बसतो.

हे सगळे भाच्याला सांगितले आणि म्हटले, "आता हात न लावता, बॅटरीच्या उजेडात तिचं तोंड नीट बघ."

थोड्या वेळाने तो फोनवर आला. आवाज बदललेला. "मावशी, ओठ सुजलेत. कडेला बारीक भोकं आहेत. सुईची असावीत तशी."

हे तिसरे कारण आणि सगळ्यांत क्रूर. साप चावू नये म्हणून काही गारुडी त्याचे तोंड शिवतात, विषारी असेल तर दात उपटतात. जखमा चिघळतात. असा साप खात नाही, कारण त्याला खाताच येत नाही. आणि "दात काढलेत, घाबरू नका," या शब्दावरही विसंबू नये. नागाला उपटलेल्या विषदंताच्या जागी नवा येतो.

मग करायचे काय?

बळेच तोंड उघडून काही भरवू नका, जखमा वाढतात. पेटीत पाणी ठेवा, वर हवेशीर पण घट्ट झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवून लगेच वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. आपल्याकडचे साप पकडणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असून त्याला कैद आणि दंड आहे. हौसेने आणलेला पाहुणा घरच्यांना अडचणीत आणू शकतो.

सर्वांत कठीण गोष्ट भाच्याला मीच सांगितली. दया येऊन साप विकत घेतला, तरी त्या पैशांतून पुढच्या वर्षी दुसरा पकडला जातो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी सोडवलंच नाही."

"अजून सोडवू शकतोस," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर जाऊन त्याने धामण वनविभागाच्या हवाली केली. तिथल्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, औषध दिले. तीन आठवड्यांनी बातमी आली, धामणीने एक उंदीर खाल्ला! घरात पेढे वाटले गेले म्हणे. त्यानंतर तिला रानात सोडण्यात आले.

आता सासूबाईंच्या पूजेचे काय? त्याचे उत्तर काशीतच आहे. नागपंचमीच्या सकाळी तिथे गल्लोगल्ली मुले छोट्या गुरूंचा आणि बड्या गुरूंचा नाग घ्या, असे ओरडत कागदावर छापलेली नागाची चित्रे विकतात. छोटे गुरू म्हणजे पतंजली, बडे गुरू म्हणजे पाणिनी. पतंजलींना शेषाचा अवतार मानतात आणि त्यांच्या नावाशी जोडलेल्या नागकुव्यावर त्या दिवशी पंडितांचा शास्त्रार्थही होतो.

आपल्याकडेही पाटावर गंधाने नाग काढून पुजण्याची पद्धत घरोघर आहेच. त्याला लाह्या वाहा, दुधाचा नैवेद्य दाखवा आणि ते दूध मुलांना प्यायला द्या. हा पाहुणा उपाशी राहिल्याची काळजी कुणालाच करावी लागत नाही.