कुंडीतील टोमॅटो
टोमॅटोच्या काही जाती वेलीप्रमाणे वाढतच जातात. काही ठराविक उंचीवर थांबून झुडपासारख्या राहतात. कुंडीस दुसऱ्याच योग्य. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ त्यांपैकीच होय. शिंक्यात टांगलेली कुंडी मात्र वाऱ्याने लवकर सुकते. शिवाय पारा ३५ अंशांवर गेला की फुले गळू लागतात. सबब ब्राह्मणपुरीच्या उन्हाळ्यात हा खटाटोप व्यर्थ आहे. भाद्रपदात रोप टाकावे, म्हणजे फळ थंडीत धरते. तळाशी भोके पाडलेला तेलाचा जुना डबाही चालतो. हा केवळ हौसेचा विषय नव्हे. ज्या मजुराजवळ वीतभर जमीन नाही, त्याच्या अंगणातही भाजी पिकू शकते. याकरिता शेतकरी मंडळाने ठेंगण्या जातीचे बी अल्प किमतीच्या पुड्यांतून विकावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.