तळघरातला पॅनेल

अमरावती-अकोल्याकडे हल्ली फ्लॅटस्कीम म्हटली की बेसमेंट आलंच. आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्या बिल्डिंगचा विजेचा पॅनेल तिथल्याच काँक्रीटच्या भिंतीवर. वरची जागा विकता येते, ही भिंत फुकट पडते, एवढंच गणित! माझं मत विचाराल तर पॅनेल तळघरात नकोच.

आपली वऱ्हाडातली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळाभर भिंतीला ओल देते. पत्र्याचा बॉक्स भिंतीला चिकटवला की मागून गंजायला लागतो. आणि पूर? जुलै २०२१ मध्ये मोर्णेचं पाणी अकोल्यात घराघरांत शिरलं होतं. पाणी आधी तळघरच गाठतं. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाचं तळघर भरलं, वीज गेली आणि रुग्ण जिन्यांवरून उतरवावे लागले. तिथे ही गत, तर आपलं काय?

दुसरी जागाच नसेल तर लोखंडी अँगलची फ्रेम ठोकून पॅनेल भिंतीपासून दोन बोटं पुढे आणि होईल तितका उंच बसवा. केबल खालून आत घ्या. समोर तीन-साडेतीन फूट मोकळं ठेवा, तिथे स्कूटर नको. अर्थिंग नि आरसीसीबी हवेतच.

पण मेन स्विच मात्र वर, जिन्याजवळच असू द्या. कारण मंडळी, पाणी भरल्यावर मेन बंद करायला आपण नाही उतरत. चौकीदाराला पाठवतो.