शिडीची पहिली पायरी कुणाला परवडते?

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला, की महाविद्यालयीन फुटबॉलच्या वर्तुळात सामन्यांइतकीच चर्चा प्रशिक्षकांच्या हकालपट्टीची आणि नव्या नेमणुकांची होते. २०२३च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना मुदतीपूर्वी पदमुक्त केले, तेव्हा करारापोटी त्यांना देणे लागलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. या आकड्याचे मथळे झाले. याच व्यवसायाच्या दुसऱ्या टोकाला मात्र, त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत, ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ नावाचे पद नियमावलीतच होते आणि ते भूषवणाऱ्याला वेतन देण्यास विद्यापीठांना मनाई होती. या दोन टोकांमधील शिडी कोण चढू शकतो, हा प्रश्न आज अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रापुढे नव्याने उभा आहे.

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेच्या छत्राखाली पाच लाखांहून अधिक विद्यार्थी-खेळाडू आहेत. त्यांपैकी व्यावसायिक खेळाडू होणाऱ्यांचे प्रमाण, संघटनेच्याच म्हणण्यानुसार, दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेले बहुतेक जण पदवी घेऊन नोकरीधंद्याला लागतात. काहींना मात्र खेळ सोडवत नाही आणि ते प्रशिक्षणाकडे वळतात.

या वाटेच्या प्रवेशद्वाराशी वैद्यक वा वकिलीसारखी परवाना परीक्षा नाही. भारतात १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि तेथील पदविकेला प्रशिक्षकाच्या नोकरीत वजन आले. अमेरिकी विद्यापीठांत असा एकच एक राजमार्ग नाही. तेथील पद्धत हिंदुस्थानी संगीतातील घराण्यांच्या अधिक जवळची आहे: गुरूजवळ राहायचे, पडेल ते काम करायचे आणि एके दिवशी त्याच्याच शब्दावर पुढची जागा मिळवायची.

माइक शशेव्स्की यांची कारकीर्द या परंपरेचा नमुना आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ते बॉब नाइट यांच्या हाताखाली बास्केटबॉल खेळले. लष्करी सेवेनंतर १९७४ साली त्याच नाइट यांच्याकडे इंडियाना विद्यापीठात ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता अल्प मानधनावर काम करणारे साहाय्यक झाले. पुढे ड्यूक विद्यापीठात १९८० ते २०२२ या काळात त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि निवृत्त होताना गादी दिली ती जॉन शायर यांना. शायर हे ड्यूकच्याच २०१०च्या विजेत्या संघातले खेळाडू आणि नंतर तेथीलच साहाय्यक.

फुटबॉलमधील निक सेबन यांची सुरुवात तर जवळपास योगायोगाने झाली. केंट स्टेट विद्यापीठातून ते पदवीधर झाले, तेव्हा पत्नीचे शिक्षण संपायला अजून वर्ष होते. त्यामुळे तेथेच थांबणे भाग होते. प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी त्यांना ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून घेतले. जानेवारी २०२४मध्ये निवृत्त होईपर्यंत सेबन यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे जमा झाली होती.

मैदानावर फारसे नाव न कमावलेल्यांनाही ही शिडी खुली असते, हे तिचे बलस्थान. लॉरेन्स फ्रँक इंडियाना विद्यापीठात खेळाडू नव्हते. ते संघाचे ‘स्टुडंट मॅनेजर’ होते. साहित्याची व्यवस्था पाहणे, सरावात चेंडू गोळा करणे, नोंदी ठेवणे अशी पडद्यामागची कामे हे विद्यार्थी करतात. हेच फ्रँक २००४ साली एनबीएमधील न्यू जर्सी नेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पोर्टलंड विद्यापीठाकडून खेळलेले एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ साली मायामी हीटमध्ये सामन्यांच्या चित्रफिती कापण्याच्या कामावर रुजू झाले. २००८ साली त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१२ व २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे त्यांनी मिळवली. उत्तम खेळाडू आणि उत्तम शिक्षक यांत फरक असतो, हे मराठी वाचकाला पटवून देण्याची गरज नाही. सचिन तेंडुलकर घडवणारे रमाकांत आचरेकर स्वतः केवळ एकच प्रथमश्रेणी सामना खेळले होते.

अशा कहाण्या ऐकल्या, की ही व्यवस्था निखळ गुणवत्तेवर चालते असे वाटू लागते. कष्ट करा, निष्ठा ठेवा, एक दिवस संधी मिळेल, हा संदेश खोटा नाही. पण तो अपुरा आहे. गुणवत्तेची कसोटी लागण्याआधी तेथे दुसरीच एक कसोटी लागते. उमेदवारीची ती वर्षे कमी पैशांत किंवा पैशांविना काढण्याची ऐपत घरात आहे का? शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेला, घरी पैसे पाठवावे लागणारा पदवीधर या कसोटीवर खेळ न समजल्यामुळे नव्हे, तर घरभाडे न भागल्यामुळे नापास होतो.

ही स्थिती आपोआप उद्भवलेली नाही. नियमांनी ती घडवली. १९९१ साली एनसीएएने बास्केटबॉलसह काही खेळांत ‘मर्यादित उत्पन्न’ असणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकाचे पद निर्माण केले आणि त्याच्या वार्षिक कमाईवर १६ हजार डॉलरची मर्यादा घातली. खर्चात बचत आणि नवोदितांना संधी, असे त्याचे समर्थन होते. प्रशिक्षक न्यायालयात गेले. १९९८ साली संघराज्याच्या दहाव्या परिमंडळ अपील न्यायालयाने ही मर्यादा स्पर्धाविरोधी ठरवली आणि पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. तरीही विनावेतन स्वयंसेवकाचे पद टिकून राहिले. बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी साहाय्यक आणि एक स्वयंसेवक, अशी रचना वर्षानुवर्षे चालली. हा स्वयंसेवक उन्हाळी शिबिरे आणि खासगी शिकवण्यांवर गुजराण करी. १ जुलै २०२३ पासून एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीत हे पद रद्द झाले. जुन्या बेसबॉल स्वयंसेवकांनी भरलेला दावा ४ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला.

पहिल्या पायरीवरची ही गाळणी वरच्या पायऱ्यांवर उमटते. नेमणुका ओळखीच्या वर्तुळात होतात तेव्हा त्या वर्तुळाचा चेहरामोहराही तोच राहतो. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील संघांत कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने असले, तरी मुख्य प्रशिक्षकांत त्यांचे प्रमाण फारच कमी आहे. स्त्रियांची कथा अधिक गुंतागुंतीची. १९७२ साली शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला, तेव्हा महिलांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यामुळे या संघांकडे पैसा आणि प्रतिष्ठा आली. त्याबरोबर पुरुष उमेदवारही आले. २०१४पर्यंत स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर उतरले होते. उलट दिशेची वाट, म्हणजे पुरुषांच्या संघांना स्त्रियांनी शिकवण्याची, अजूनही अपवादात्मक आहे. डॉन स्टेली यांनी साऊथ कॅरोलायना विद्यापीठाला २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. पण एका शिखराच्या उंचीवरून पायथ्याच्या रुंदीचा अंदाज येत नाही.

आता अर्थकारणच बदलते आहे. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६साठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. ज्यांच्या घामावर हा उद्योग उभा आहे, त्यांना वाटा मिळणे न्याय्यच. परंतु हा पैसा विद्यापीठाच्या त्याच तिजोरीतून येतो. श्रीमंत विद्यापीठांचे फुटबॉल विभाग तो भार पेलतील. जून २०२४मधील नियमबदलामुळे विश्लेषक म्हणून नेमलेल्या कर्मचाऱ्यांनाही तेथे मैदानावर शिकवण्याची मुभा मिळाली आहे. ओढाताण होईल ती जलतरण, टेनिस यांसारख्या उत्पन्न न देणाऱ्या खेळांची. कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५मध्ये जलतरण आणि डायव्हिंगचे संघ बंद करताना याच तडजोडीच्या आर्थिक परिणामांचा दाखला दिला. संघ बंद होतो तेव्हा खेळाडूंबरोबर त्यातील साहाय्यकांच्या जागाही जातात, आणि उद्याचे प्रशिक्षक जेथे शिकले असते ती शाळाच मिटते.

अमेरिकेत वाढणारी मराठी मुले टेनिसच्या कोर्टवर आणि तरणतलावात दिसतात. त्यांच्यातील एखादीने पदवीनंतर प्रशिक्षक होण्याची इच्छा बोलून दाखवली, तर घरात पहिला प्रश्न पगाराचा निघेल. तो प्रश्न कोता नाही. स्थिरस्थावर झालेले पालक दोन-तीन वर्षे आधार देऊ शकतील. तिच्याच संघातील, तिच्याहून खेळ अधिक जाणणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला ते साधणार नाही. म्हणूनच सुधारणेचे माप शिखरावरच्या करारांत शोधण्यात अर्थ नाही. साहाय्यकाच्या पहिल्या जागेची जाहिरात खुली निघते का, तिला जगण्यापुरते वेतन आणि आरोग्यविमा आहे का, आणि स्वयंसेवकाचे पद रद्द झाल्यावर त्या जागी पगारी माणूस नेमला गेला की जागाच गोठवली गेली, हे पाहावे लागेल. नियमबदलाने विनावेतन उमेदवारी संपवली आहे. तिच्या जागी उमेदवारीच उरली नाही, तर नुकसान खेळाचेच होईल.