किनाऱ्याला तीन दिवस, वेरूळला तीन तास!

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा रंगते : यंदा जायचे कुठे? आजोबांचे गुडघे, मुलांचे क्लास, वडिलांची उरलेली रजा आणि आईची वर्षभराची दमणूक असे सारे हिशेब मांडून झाले की कौल बहुधा समुद्राच्या बाजूने पडतो. अलिबाग, काशीद, दिवेआगर, गुहागर, नाहीतर गणपतीपुळे. तीन दिवसांचे आरक्षण होते. तिथे पोहोचल्यावर घड्याळ काढून ठेवले जाते. सकाळी लाटा पाहायच्या, दुपारी सोलकढी-भात जेवून वामकुक्षी घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच लाटा पाहायच्या. लाटांपाशी तीन दिवस काय करायचे, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. पडूही नये. कष्टकरी कुटुंबाने चार दिवस निवांत राहावे, यात गैर ते काय?

प्रश्न आहे तो याच कुटुंबाच्या पुढच्या सहलीचा. हेच कुटुंब एखाद्या वर्षी वेरूळला निघते, तेव्हा तो निवांतपणा कुठे जातो? सकाळी नऊला छत्रपती संभाजीनगरातून गाडी निघते. देवगिरीचा किल्ला अर्धा चढून सोडून दिला जातो. खुलताबादला भद्रा मारुतीपुढे हात जोडले जातात. ऐन दुपारी गाडी वेरूळच्या वाहनतळावर लागते. सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, पाऊण तास. त्यातलाही निम्मा वेळ दगडी हत्तीशेजारी उभे राहून छायाचित्रे काढण्यात जातो. मग घृष्णेश्वराची रांग, ढाब्यावरचे जेवण आणि ऊन उतरायच्या आत पाणचक्की व बिबी का मकबरा. रात्री नातेवाइकांना सांगितले जाते, ‘वेरूळ पाहून झाले!’

किनाऱ्यावरच्या वाळूला तीन दिवस आणि वेरूळच्या डोंगराला तीन तास! ज्या समाजाला आपल्या वारशाचा अभिमान असल्याचे उठता-बसता सांगितले जाते, त्या समाजाच्या वेळेचा हा हिशेब आहे. आणि माणूस कशाला किती वेळ देतो, यावरूनच तो कशाला किती मोल देतो हे कळते.

‘पाहून झाले’ म्हणजे काय पाहिले?

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. दुपार कलली की सूर्याचा प्रकाश लेण्यांच्या आत शिरू लागतो आणि सकाळभर काळोखात असलेल्या मूर्ती उजळतात. सुताराची झोपडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहाव्या लेण्यात मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास संध्याकाळचे किरण थेट बुद्धमूर्तीच्या मुखापर्यंत पोहोचतात. म्हणजे लेणी खऱ्या अर्थाने बोलू लागतात ती दुपारनंतर, आणि नेमक्या त्याच वेळी सहलीच्या गाड्या परतीच्या रस्त्याला लागलेल्या असतात.

पर्यटकांसाठी क्रमांक दिलेली लेणी चौतीस. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकापर्यंत हा डोंगर छिन्नीच्या आवाजाने घुमत होता. पाऊण तासाच्या सहलीत यातली तेहतीस लेणी वगळलीच जातात. दहाव्या लेण्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी का कोरल्या, हे विचारायला कोणाला सवड नसते. बाराव्या, तीन मजली लेण्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्तींची शांतता कोणी अनुभवत नाही. बत्तिसाव्या लेण्यातली, आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका तर बहुतेकांच्या गावीही नसते, कारण जैन लेणी डोंगराच्या उत्तर टोकाला आहेत आणि ‘तिकडे कशाला तंगडतोड?’ हा प्रश्न आधीच निकालात निघालेला असतो.

व्यासपीठावरून सांगायचे की या भूमीत उपासनापंथ अनेक, पण संस्कृतीचा प्रवाह एक. आणि तो प्रवाह एकाच डोंगरात सलग कोरलेला समोर असताना दीड-दोन किलोमीटर चालायचा कंटाळा करायचा, ही विसंगती कोणाच्याच ध्यानात येऊ नये? संस्था-संघटनांच्या, शाळांच्या सहलीही याला अपवाद नाहीत. कैलासाच्या प्रांगणात घोषणा होतात, समूहचित्र काढले जाते, आणि घोषणा देणाऱ्याला हे मंदिर कोणत्या राजाच्या काळात घडले असे विचारले तर तो गोंधळतो.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण. काळ आठव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या आधीचा दंतिदुर्ग. त्याचा शिलालेख पंधराव्या, दशावतार लेण्याच्या मंडपावर आहे. इ.स. ८१२ च्या सुमारास कर्कराजाने दिलेल्या, बडोद्यास सापडलेल्या ताम्रपटात एलापुरच्या या मंदिराचे वर्णन आले आहे. आकाशमार्गाने जाणाऱ्या देवांनाही ते स्वयंभू वाटावे आणि ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाच ‘हे आपल्या हातून झाले तरी कसे’ असा विस्मय पडावा, अशा आशयाचे ते वर्णन आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा कवी थबकला. आजचा पर्यटक मात्र थबकत नाही. तो पुढच्या ठिकाणाला उशीर होतो म्हणून चालकाचा फोन घेत बाहेर पडतो.

परग्रहवासी आले कुठून?

अर्धवट पाहण्याचा परिणाम अर्धवट अभिमानात होतो आणि अर्धवट अभिमान हास्यास्पद गोष्टींना बळी पडतो. गेली काही वर्षे कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक चित्रफीत फिरत असते. कैलास मंदिर मानवाने घडविणे अशक्य होते, ते परग्रहावरून आलेल्या कोणा प्रगत जमातीचे काम असावे, असा तिचा सूर. खेद याचा की ही चित्रफीत अभिमानाने पुढे पाठवणारे बहुतांशी आपल्याच घरांतले असतात. आपल्या पूर्वजांच्या हातचे श्रेय काढून ते कुठल्याशा काल्पनिक परक्याच्या पदरात टाकले जात आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. परकीय विद्वानांनी भारतीय कर्तृत्वाला कमी लेखले की ज्यांचे रक्त उसळते, तेच या चित्रफितीखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकतात!

वेरूळला दोन दिवस राहिलेला माणूस असल्या भूलथापांना फसणार नाही. कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. कैलासाभोवतीच्या कड्यावर छिन्नीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. तिसावे लेणे, म्हणजे छोटा कैलास, अपुरे राहिले आहे. काम कसे पुढे सरकत होते, हे अशा अर्धवट कोरीव कामावरूनच उमगते. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असा खंदक डोंगरात वरून खाली खणत न्यायचा, मधला कातळ राखायचा आणि त्या कातळातून शिखर, मंडप, नंदीमंडप, स्तंभ, हत्ती असे सारे उतरत्या क्रमाने मोकळे करायचे. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. चिऱ्यावर चिरा रचताना एखादा चिरा बिघडला तर बदलता येतो. इथे चुकलेला घाव परत घेता येत नव्हता. म्हणूनच पहिला घाव घालण्यापूर्वी सारे मंदिर कोणाच्या तरी मनात पूर्ण झालेले होते.

आणि ते मन आकाशातून पडलेले नव्हते. त्याआधी काही दशके चालुक्यांच्या राणी लोकमहादेवीने पट्टदकलला विरूपाक्षाचे मंदिर उभारले होते. कैलासाच्या रचनेचे त्याच्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे परंपरा होती, गुरू होते, शिष्य होते, हातातून हातात गेलेली विद्या होती. मराठी लोकमानसाने तर या शिल्पकाराला नावही दिले आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त त्याची गोष्ट येते. शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असे राणीने व्रत घेतले. मंदिर पायापासून बांधायचे तर राणीचा जीव जायचा. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने शिखरापासूनच कामाला सुरुवात केली. ही कथा इतिहास नव्हे. पण परग्रहवासीयांच्या गप्पांपेक्षा ती शतपटीने शहाणी आहे. कारण ती कळसापासून पायाकडे येण्याची युक्ती ओळखते आणि तिचे श्रेय गोदाकाठच्या एका कारागिराला देते.

‘मुले कंटाळतात हो!’

यावर पालकांचे उत्तर ठरलेले असते : मुले कंटाळतात. मुले कंटाळतात हे खरे. पण ती लेण्यांना कंटाळत नाहीत; ऐन दुपारच्या उन्हात, उपाशीपोटी, ‘चल लवकर’ असे ओढत नेले जाण्याला कंटाळतात. समुद्रावर त्याच मुलाला वाळूत खेळायला दोन तास मिळतात. वेरूळच्या वाट्याला तो वेळ कधी आला आहे?

कैलासाच्या दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतो आहे. पार्वती दचकून शंकराला बिलगली आहे, दासी घाबरून पळते आहे आणि शंकर मात्र शांत बसून नुसत्या पायाने पर्वत दाबतो आहे. आजीने गोष्ट आधी सांगावी आणि मग नातवाला म्हणावे, ‘यात घाबरलेले कोण कोण आहेत ते शोध.’ मंडपाच्या एका अंगाला रामायण आणि दुसऱ्या अंगाला महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहे. चित्रकथा वाचावी तशी ती मुलाकडून वाचून घ्यावी. तो कंटाळला तर तो दोष शिल्पांचा नव्हे, ज्यांनी गोष्टच सांगितली नाही त्या मोठ्यांचा!

दुसरा आक्षेप विश्रांतीचा. सुट्टी म्हणजे शाळा नव्हे, असे म्हटले जाते. मान्य. पण विश्रांती म्हणजे केवळ लोळणे असते का? तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला येऊन काही काळ राहिले, याच्या आठवणी महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत. त्यांनी वेरूळ ‘करून’ टाकले नाही. ते तिथे राहिले. पावसाळ्यानंतर एकोणतिसाव्या लेण्याजवळच्या धबधब्याचा आवाज ऐकत बसण्यात समुद्राच्या गाजेपेक्षा कमी निवांतपणा आहे, असे कोण म्हणेल? हे डुमार लेणे आणि मुंबईच्या समुद्रातले घारापुरीचे लेणे यांची घडण बहिणी-बहिणींसारखी आहे. मुंबईची कुटुंबे लाँचमधून घारापुरीला जातात आणि भेळ खाऊन परततात. म्हणजे दोष समुद्राचा नाही आणि डोंगराचाही नाही. अलिबागला जाऊन कान्होजी आंग्र्यांच्या समाधीकडे न फिरकणारी दृष्टीच वेरूळला येऊन कैलासापुढे जांभई देते.

गढीपाशी कोण थांबते?

वेरूळ म्हणजे केवळ लेणी नव्हेत. ही भोसल्यांच्या पाटीलकीची भूमी. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इथले. त्यांच्या गढीचे अवशेष आणि शहाजीराजांचे स्मारक याच गावात आहे. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला आणि पुढे अठराव्या शतकात होळकरांनी, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या घराण्याने, ते वैभव पुन्हा उभे केले. गावातले पायऱ्या-पायऱ्यांचे शिवालय तीर्थही त्याच पुण्याईची साक्ष देते. गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचे चित्र लावलेल्या किती गाड्या त्या गढीपाशी थांबतात? ज्योतिर्लिंगाच्या यादीत खूण झाली की गाडी वळते. ज्या घराण्याने हे मंदिर राखले त्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे, हे मुलांना सांगायचे राहूनच जाते.

आता अंतराची सबब तर उरलेलीच नाही. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. संभाजीनगराहून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. उणीव आहे ती रस्त्याची नव्हे, इच्छेची.

काय करायचे, तेही अवघड नाही. उन्हाळा टाळावा, श्रावणापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे. दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. पहिल्या दिवशी सकाळी घृष्णेश्वर, गढी आणि शिवालय तीर्थ. दुपारनंतर बौद्ध लेणी, उन्हे तिरपी होतील तेव्हा दहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जैन लेणी आणि डुमार लेणे, आणि अखेरची दुपार कैलासासाठी राखून ठेवावी. निघण्यापूर्वी आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर घरात एकेक गोष्ट सांगावी. भ्रमणध्वनी दोन तास खिशात राहिला तर आकाश कोसळत नाही.

समुद्राकडे जरूर जावे. लाटा उद्याही येतील, परवाही येतील. पण घरातले मूल आठ-दहा वर्षांचे एकदाच असते, आणि गोष्ट सांगणारी आजीही कायमची असत नाही. त्या दोघांना कैलासाच्या पायरीशी एक पूर्ण संध्याकाळ मिळवून देणे, एवढे जरी घरातल्या कर्त्यांनी केले, तरी अभिमानाच्या शंभर भाषणांचे काम होईल. येत्या सुट्टीचे आरक्षण करण्यापूर्वी प्रत्येक घराने स्वतःला एकदा विचारावे : ज्या वारशावर आपण हक्क सांगतो, त्याला आजवर किती तास दिले?