चाकरमान्याचे मत आणि विलायतेचा बाजार



ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की कोकणात एक वाद हमखास निघतो. मुंबईहून गाड्या भरून चाकरमानी येतात, मत टाकतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. गावात राहणारा म्हणतो, "गटार तुंबलं की नाकाला फडकं आम्ही लावायचं आणि मेंबर कोण ते ह्यांनी ठरवायचं होय?" चाकरमानी म्हणतो, "घर माझं इथं, देव इथं, म्हातारी आई इथं. मग मी परका कसा?" कायदा सांगतो, जिथे राहता तिथल्या यादीत नाव हवे. पण गावोगावच्या याद्या कशा असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

असाच वाद 2016 साली ब्रिटनच्या माणसांत झाला. प्रश्न गटाराचा नव्हता. युरोपच्या बाजारात राहायचे की बाहेर पडायचे, हा होता. आणि ज्यांचे सगळे बिऱ्हाड या बाजारावर उभे होते, त्यांतल्या पुष्कळांना मतच नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आज खताचे सोडून हे विलायतेचे काय काढले? पण आपला हापूस आणि आपली द्राक्षे त्या बाजारात जातात, आणि आपली काही माणसेही तिथे आहेत. ऐका तर खरे.

जुन्या मंडळींना जकात नाका आठवत असेल. शहराच्या वेशीवर टेम्पो अडवायचा, पावती फाडायची, मग आत. युरोपातल्या देशांनी आपसातले असे नाके आधी उठवले. ब्रिटन त्या गोटात 1 जानेवारी 1973 रोजी शिरला. 1975 साली तिथे सार्वमत झाले, तेव्हा शंभरातल्या सदुसष्ट मतदारांनी 'राहू या' असे सांगितले. पण नाका उठला तरी प्रत्येक देशाची प्रतवारी वेगळी, फवारणीच्या औषधाची मर्यादा वेगळी, डब्यावरच्या चिठ्ठीचे नियम वेगळे. म्हणजे अडवणूक होतीच. म्हणून 1 जानेवारी 1993 पासून सगळ्यांचा मिळून एकच बाजार झाला. गंमत अशी की त्यासाठी जोर लावणाऱ्यांत ब्रिटनच्या मार्गारेट थॅचरबाईच पुढे होत्या. या बाजारात चार गोष्टी मोकळ्या केल्या होत्या : माल, पैसा, सेवा आणि माणूस. चौथी महत्त्वाची. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशात जाऊन राहावे, कामधंदा करावा, कोणाचा परवाना लागणार नाही.

एकच बाजार म्हणजे एकच नियम, आणि तो मोडायची सोय कोणालाच नाही. याचा चटका आपल्या बागाईतदारांनी घेतला आहे. 2013 साली भारतातून तिकडे गेलेल्या फळभाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. लगेच 1 मे 2014 पासून आंबा, अळू, कारले, पडवळ आणि वांगे यांना सगळ्या युरोपात बंदी झाली. ऐन हंगामात. ब्रिटनमधल्या आपल्या व्यापाऱ्यांनी आणि काही खासदारांनी ओरड केली. हापूसचे मोठे गिऱ्हाईक तर तिथेच. पण ब्रिटन सरकारला एकट्याने बंदी उठवता येईना, कारण निर्णय ब्रुसेल्सचा. आंब्यावरची बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली, आपण गरम पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची शिस्त लावल्यावर. (शिस्त लावणे आपल्याच हिताचे होते, हे माझे मत मी तेव्हाही सांगत होतो.)

ब्रिटनमधले बाहेर पडू इच्छिणारे हेच म्हणत होते. आमच्या घरात काय शिजवायचे ते शेजारच्या चुलीवर ठरते.

आता बाहेर गेलेल्यांचे पाहू. स्पेनच्या समुद्रकाठी, ऊन भरपूर आणि घरे स्वस्त, म्हणून ब्रिटनची पेन्शनर मंडळी जाऊन राहिली. एकट्या स्पेनमध्ये तीन लाखांच्या आसपास ब्रिटिश माणसे. पेन्शन मायदेशाची, तीही दरवर्षी वाढणारी. त्यांचाच भाऊबंद कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेला असेल तर त्याची पेन्शन गेल्या दिवशी होती तेवढ्यावरच गोठते. दवाखाना स्पेनचा, आणि पेन्शनरांच्या औषधपाण्याचा खर्च ब्रिटन सरकार स्पेनला भरून देई.

या मंडळींत सार्वमताआधी जुंपली. बहुतेकांचे म्हणणे असे की बाजार सुटला तर आपण इथे कोणत्या हक्काने राहायचे? घर विकायचे तर किमतीला, आणि या वयात परत जाऊन भाडे तरी परवडेल का? पण त्यांच्यातच 'बाहेर पडा' म्हणणारेही होते. त्यांचे म्हणणे, आम्ही 1975 साली बाजाराला हो म्हटले होते, दुसऱ्याच्या कायद्याला नाही. आणि स्पेनला आमचा पैसा हवाच आहे, तो आम्हाला कशाला हाकलील? स्वतः दुसऱ्या देशात राहायचे आणि माणसांची मोकळी ये-जा नको म्हणायचे, याचे पुष्कळांना हसू आले. मला तेवढे आले नाही. परगावी गेलेला माणूसच गावच्या जुन्या रूपाला जास्त चिकटून असतो, हे आपण पाहतोच.

तिसरे म्हणणे मधल्या वाटेचे होते. नॉर्वे युरोपच्या संघात नाही, तरी 1994 पासून त्या बाजारात आहे. आपणही संघ सोडावा आणि बाजार धरावा. त्याला उत्तर असे, की मग नियम पाळायचे आणि ते ठरवताना मात्र बैठकीत खुर्ची नाही. सोसायटीचा नाममात्र सभासद, असे समजा.

पण वाद घालणाऱ्यांतल्या किती जणांना मत होते? ब्रिटनचा तेव्हाचा नियम असा की देश सोडून पंधरा वर्षे झाली की मतदानाचा हक्क संपला. हॅरी शिंडलर नावाचे एक गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे सैनिक म्हणून इटलीत लढले, पुढे 1982 पासून इटलीतच राहिले. त्यांनी या नियमाविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि 2013 साली हरले. सार्वमताच्या तोंडावर, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ब्रिटनच्या न्यायालयात पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले. आपल्याकडे परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला 2011 पासून यादीत नाव घालता येते आणि वर्षांची अट नाही. मात्र मत टाकायला स्वतः केंद्रावर यावे लागते.

दुसरीकडची गोष्ट आपल्या जवळची आहे. 1961 च्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते. पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे साऱ्या युरोपचे दार उघडे. साष्टी-बारदेशातली कितीतरी पोरे त्या जोरावर लंडनच्या पश्चिमेला स्विंडन गावी गेली, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागली. दोन पासपोर्ट आपला कायदा ठेवू देत नाही, म्हणून भारताचे नागरिकत्व गेले. आता पाहा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना सार्वमतात मत होते. म्हणजे नोकरीसाठी दोन वर्षे लंडनला गेलेला, भारतीय पासपोर्टचा पुण्याचा इंजिनिअर मत देऊ शकत होता. आणि दहा वर्षे स्विंडनमध्ये राबणारा गोवेकर, पोर्तुगीज झाल्यामुळे, देऊ शकत नव्हता. ज्याच्या पोटाचा प्रश्न, तोच मांडवाबाहेर. त्या स्विंडननेही बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला.

माझे मत विचाराल, तर गटार कुठून न्यायचे हे चाकरमान्याने ठरवू नये. पण चाकरमान्यांची वाटच बंद करायची का, असा ठराव सभेपुढे असेल, तर त्याला सभेत बसवलेच पाहिजे. मग मतमोजणीत तो हरला तरी हरकत नाही.

23 जून 2016 रोजी शंभरात बावन्न जणांनी 'बाहेर' म्हटले. पौंड रातोरात घसरला, आणि पौंडात पेन्शन घेऊन युरोत किराणा भरणाऱ्यांना पहिला फटका बसला. बाजारही सोडणार, हे पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी 2017 मध्ये सांगून टाकले. प्रत्यक्ष बाजार सुटला 31 डिसेंबर 2020 रोजी. त्या तारखेपर्यंत जे जिथे राहत होते त्यांचे हक्क कराराने राखले. त्यासाठी ब्रिटनमधल्या गोवेकरांना 30 जून 2021 पर्यंत अर्ज करायचा होता. नंतर नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगालचा पासपोर्ट ब्रिटनमध्ये कामाचा हक्क देत नाही. घरात कोणी पोरगा एजंटाच्या नादी लागला असेल तर त्याच्या कानावर हे घाला.

शेतकऱ्यांचे काय झाले? स्कॉटलंडचे बटाट्याचे बियाणे नावाजलेले, त्याला 1 जानेवारी 2021 पासून युरोपात बंदी. स्ट्रॉबेरी तोडायला रुमानिया-बल्गेरियाचे मजूर येत, आता नेपाळ आणि किर्गिझस्तानहून हंगामी परवान्यावर आणावे लागतात. मे 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी शेतमालाच्या तपासण्या कमी करण्यासाठी बोलणी करायचे ठरवले. आपल्या निर्यातदारांनी मात्र ब्रिटनचे आणि युरोपचे औषध-अंशांचे नियम आता वेगवेगळे तपासावेत, एकाच तक्त्यावर भागत नाही.

शिंडलर यांचा पंधरा वर्षांचा नियम 2022 च्या कायद्याने रद्द झाला, जानेवारी 2024 पासून. ते फेब्रुवारी 2023 मध्ये वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारले होते. आणि स्पेनमध्ये नुसते घर आहे, पण कायमचे राहणे नोंदवले नव्हते, अशी ब्रिटिश जोडपी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतात. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढे आपल्याच घरात राहायला परवानगी नाही. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेणे टप्प्याटप्प्याने सुरू झाले. दिवस आता यंत्र मोजते.