गाडी उभी राहिली तरी परवडली पाहिजे

मे महिन्याच्या चौकशीचे फोन सुरू झाले आहेत. "आम्ही पंधरा जण आहोत, पाच दिवस कोकणात जायचंय, किती पडतील?" या प्रश्नाला आपल्या धंद्यात एक पाठ झालेले उत्तर आहे: सतरा सीटर, किलोमीटरला अमुक दर, रोजचे किमान ३०० किलोमीटर, गॅरेज टू गॅरेज, चालकाचा भत्ता वेगळा, टोल-पार्किंग पार्टीकडे. उत्तरात खोटे काही नाही. फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. फोन करणारा असतो घरातला एक भाऊ किंवा मेहुणा. त्याला चार घरांकडून वर्गणी गोळा करायची असते. त्यासाठी माणशी एक आकडा हवा असतो, आणि आपण त्याच्या हाती एक सूत्र देतो.

हा आकडा मिळाला नाही की तो दुसरीकडे वळतो. वळायला जागाही आता भरपूर आहेत. घरात दोन मोटारी असतील तर प्रत्येकीसाठी फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो; १५ ऑगस्ट २०२५ रोजी तो ३,००० रुपयांत सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातले जे आधी संपेल तोवर राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलची त्याला चिंता नाही. हा पास खासगी मोटारींनाच आहे, आपल्या पिवळ्या पाटीला नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि लहान मुलांचे तिकीटही अर्धे. आजी-आजोबा, सुना, लेकी आणि नातवंडे अशा कुटुंबाचा हिशेब मांडला, तर पूर्ण तिकीट काढणारे त्यात मोजकेच निघतात. तिसरी वाट पांढऱ्या पाटीच्या गाड्यांची. परवाना नाही, प्रवासी कर नाही, म्हणून त्यांचा दर कमी. भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे त्या कुटुंबाला कोणी सांगितलेले नसते. यावर आपण तक्रारी करतो आणि त्या रास्तही आहेत. पण मोठे कुटुंब आपल्या हातून निसटते याचे एक कारण आपल्याच दरपत्रकात आहे, आणि ते म्हणजे रोजच्या किमान ३०० किलोमीटरची अट.

ही अट निघाली ती उगाच नाही. गाडी बाहेरगावी मुक्कामाला असली की तिला दुसरे भाडे मिळत नाही. बँकेचा हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार मात्र गाडी उभी असतानाही चालूच असतो. तो खर्च कुठून तरी निघायला हवा, म्हणून तो किलोमीटरच्या दरात मिसळला आणि किलोमीटर कमी पडू नयेत म्हणून किमान आकडा घातला. एक-दोन दिवसांच्या धावपळीच्या सहलीला, अष्टविनायकाला, लग्नाच्या वऱ्हाडाला हे गणित जुळते, कारण गाडी तेवढी धावतेच. उन्हाळ्यात मुलाबाळांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन चार रात्री राहायला निघालेल्या कुटुंबाला ते जुळत नाही. अशा कुटुंबाला स्वस्तात पडते ते एका जागी राहणे. खोल्या एकदम घेतल्या तर दर उतरवून मिळतो, घरगुती खानावळीला आदल्या दिवशी माणसे सांगता येतात, रोज बॅगा बांधाव्या लागत नाहीत. आणि नेमके अशा मुक्कामाच्या दिवशी गाडी ६० किलोमीटर फिरते आणि पैसे ३०० चे लागतात. मग कोणीतरी म्हणतोच, "पैसे भरलेच आहेत, तर मालवण करू. मालवणपर्यंत आलोच आहोत, तर गोवाही उरकू."

हिशेब आकड्यांत मांडू. दर गावोगावी वेगळे असतात, म्हणून इथे सोपे आकडे गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. सतरा सीटरचा दर किलोमीटरला २६ रुपये. पाच दिवसांचे किमान १,५०० किलोमीटर, म्हणजे ३९,००० रुपये. एसी लावून गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरले, तर किलोमीटरला ९ रुपये डिझेलचे. टायर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग यांचे ५ रुपये धरू. म्हणजे गाडी एक किलोमीटर धावली की मालकाचे १४ रुपये झिजतात.

आता पुण्याचे एक कुटुंब गणपतीपुळ्याला गेले, तिथेच राहिले आणि परत आले. उंब्रजहून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूणमार्गे जाताना सुमारे ३३० किलोमीटर, येताना तेवढेच आणि तिथे तीन दिवसांत मिळून १६०. एकूण ८२० किलोमीटर. मालकाच्या हातात उरले २७,५२० रुपये. दुसऱ्या कुटुंबाने मालवण केले, गोवा उरकला आणि १,३०० किलोमीटर फिरून आले. त्यांनीही ३९,००० च भरले. मालकाच्या हातात उरले २०,८००. म्हणजे पार्टी जितकी जास्त फिरेल तितका मालकाचा तोटा, आणि जितकी कमी फिरेल तितके पार्टीला आपण लुबाडलो गेलो असे वाटणार. मालक आणि गिऱ्हाईक यांचे हित एकमेकांच्या उलट बांधणारे हे दरपत्रक आहे. त्याचा जाच होतो तो मधल्या चालकाला. "तिकडे गाडी जात नाही," "रस्ता खराब आहे," ही उत्तरे त्याला द्यावी लागतात आणि सहलीची गोडी तिथेच जाते.

उपाय अवघड नाही. मिसळलेले दोन खर्च वेगळे करा. उभ्या गाडीचा खर्च दिवसाच्या आकारात घाला आणि धावत्या गाडीचा खर्च प्रत्यक्ष किलोमीटरवर लावा. वरच्या उदाहरणात दिवसाचा आकार ४,८०० आणि किलोमीटरला १४ रुपये ठेवले, तर गणपतीपुळ्याला राहणाऱ्या कुटुंबाला २४,००० अधिक ११,४८० म्हणजे ३५,४८० रुपये पडतात. जुन्या पद्धतीपेक्षा ३,५२० कमी. एकूण रक्कम पंधरा माणसांत वाटली तर माणशी सुमारे २,३६५. गोवा उरकणाऱ्यांना ४२,२०० पडतील. जास्त फिरायचे असेल तर खुशाल फिरा, त्याचे पैसे तुम्ही देताच आहात. मालकाच्या हातात दोन्ही वेळा २४,००० राहतात. जुन्या पद्धतीतल्या त्या दोन आकड्यांची सरासरी २४,१६० येते, म्हणजे मालकाने फारसे काही सोडलेले नाही. त्याने सोडली ती फक्त अनिश्चितता.

यावरचा पहिला आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. कमी फिरणारी पार्टी हाच तर आपला नफा, तो का सोडायचा? कारण तो नफा टिकणारा नाही. एकाच ठिकाणी राहून शांतपणे सुट्टी घालवणारे कुटुंबच आधी हिशेब करते आणि स्वतःच्या मोटारी काढते, किंवा एसटीने जाऊन तिथे रिक्षा करते. आपल्याकडे राहते ती "पैसे वसूल" करणारी पार्टी. शिवाय या हिशेबात न धरलेला एक फायदा आहे. ४८० किलोमीटर कमी धावलेली गाडी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भाड्याला उभी करता येते, आणि चालकाचीही झोप झालेली असते.

दुसरा आक्षेप हंगामाचा. मे महिन्यात गाडी मिळत नाही म्हणून लोक दुप्पट द्यायला तयार असतात, मग दर उतरवायचा कशाला? उतरवू नका. दिवसाचा आकार याच कामासाठी सोयीचा आहे. शाळांचे निकाल १ मेच्या आसपास लागतात आणि पहिल्या तीन आठवड्यांत सगळे एकदम निघतात. त्या काळात आकार वाढवा, एप्रिलच्या शेवटी आणि जूनमध्ये उतरवा, पण तो छापून ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून अमरावती-नागपूरच्या सभासदांना चिखलदऱ्याचा हंगाम आपल्यापेक्षा लांब मिळतो. ज्यांची तारीख हलू शकते अशा कुटुंबाला स्वस्त आठवडा कोणता, हे एका नजरेत दिसले पाहिजे. शनिवारी निघून बुधवारी येण्याऐवजी सोमवारी निघून शुक्रवारी या, एवढे सुचवले तरी खोलीचा दर उतरतो आणि घाटातली कोंडी टळते.

दर बदलला की सहल आखण्याची पद्धतही बदलावी लागेल, आणि इथे आपल्यातल्या अनुभवी माणसांचा खरा कस आहे. एका मुक्कामाभोवती ५० किलोमीटरच्या आत तीन दिवस भरतील असे काय आहे, हे गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे. गणपतीपुळ्याचेच घ्या. पायी जाण्याच्या अंतरावर मालगुंड, तिथे केशवसुतांचे स्मारक. उत्तरेला जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर. सकाळी निघून जेवायला परत येता येते. दक्षिणेला आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता धरला की रत्नागिरी. तिथे ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० मध्ये बांधलेला थिबा राजवाडा आहे, टिळकांचे जन्मस्थान आहे आणि थोडे पुढे पावस. उरलेला दिवस समुद्र आणि आंबे-फणसांना. म्हाताऱ्यांना रोज गाडीत बसवायची गरज नाही, मुलांना रोज नवे काहीतरी. असे मुक्काम प्रत्येक जिल्ह्यात आहेत. दापोली-गुहागर एकत्र करणाऱ्यांना दाभोळ-धोपावे जेट्टीने गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि चिपळूणचा फेरा वाचतो. मुलांना त्या फेरीबोटीची मजा वेगळीच. देवस्थानांची भक्तनिवासे आणि पर्यटन विभागाच्या न्याहारी निवास योजनेतली घरे मोठ्या कुटुंबाला हॉटेलपेक्षा सोयीची पडतात. हॉटेलच घ्यायचे असेल, तर ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुने दर सांगणाऱ्या मालकाला हे विचारायला गिऱ्हाइकाला शिकवा.

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या सभासदांना यात आणखी एक संधी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे मेचे तिकीट मार्चमध्ये काढावे लागते. ज्या कुटुंबाला कोकण रेल्वेचे किंवा एसटीचे तिकीट मिळाले, त्याला स्टेशनवरून घेऊन तीन दिवस फिरवून परत सोडणारी सतरा सीटर हवी असते. जुन्या दराने त्याला ती परवडत नाही. दिवसाचा आकार अधिक प्रत्यक्ष किलोमीटर या दराने परवडते. पुण्या-मुंबईच्या मालकांनी अशी भाडी कोकणातल्या मालकाकडे पाठवावीत आणि परतीची त्यांच्याकडून घ्यावीत.

आता दरपत्रकाच्या कागदाकडे येऊ. एक पान पुरते. दिवसाचा आकार, किलोमीटरचा दर, अंदाजे किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग, जेट्टीचे भाडे आणि खाली एकूण व माणशी. टोलनाके आपल्याला पाठ असतात. पुण्याहून उंब्रजपर्यंत खेड शिवापूर आणि आनेवाडी लागतात, हे गिऱ्हाइकाला शोधायला लावू नका. गाडी कुठून कुठपर्यंत मोजणार, हेही लिहा. सहलीच्या शेवटी भांडण होते ते बहुधा गॅरेजपासूनच्या त्या पंधरा-वीस किलोमीटरवरून. सामानाचाही लेखी खुलासा करा. पंधरा माणसांना तीन सातआसनी मोटारी लागतात, कारण मागची रांग बॅगांनी भरते. मग चालक तीन, टोल तीन आणि वाट चुकली की फोनही तीन. एका सतरा सीटरची बाजू यापेक्षा चांगली मांडता येणार नाही, पण ती मांडावी लागते.

चालकाची झोप ही दरपत्रकातली वेगळी ओळ असली पाहिजे. कामाचे ८ तास हे सूत्र १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून आपल्याला माहीत आहे, आणि ते कसे पाळले जाते तेही माहीत आहे. मे महिन्यात कोकणातल्या दमट हवेत गाडीतच झोपलेला चालक सकाळी कुंभार्ली चढवणार असेल, तर धोका त्या पंधरा जणांचा आहे. चालकाच्या खाटेचे चार-पाचशे रुपये कागदावर लिहा. कारण सांगितले तर ते नाकारणारे कुटुंब विरळा. निघताना टायरची हवा गाडी थंड असताना तपासणे, पहाटे पाचला निघून उन्हाच्या आत घाट उतरणे, हे या अंकातल्या तांत्रिक सदरात सविस्तर आहे.

आणि पावसाचे कलम विसरू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, कोकणात तर त्याही आधी. किल्ल्यांच्या होड्या आणि समुद्रावरचे खेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात. त्या आठवड्याचे भाडे घेताना हे आधी सांगा आणि तारीख पुढे ढकलली तर आगाऊ रक्कम कशी वळती करणार, तेही लिहून द्या.

सगळ्यांनी एकदम जुनी पद्धत सोडावी असे आमचे म्हणणे नाही. या मे महिन्यात मुक्कामाच्या प्रत्येक भाड्याला दोन्ही दर द्या आणि पार्टीला निवडू द्या. कोणी कोणता दर निवडला, गाडी किती धावली, हातात काय उरले, याची नोंद ठेवा आणि १५ जूनपर्यंत आमच्याकडे पाठवा. जुलैच्या अंकात ते हिशेब नावे न देता छापू. आमचे गणित चुकीचे ठरले तर तेही त्या आकड्यांतच दिसेल.