सांभाळणाऱ्याचे नाव कोणत्या रकान्यात?

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अर्थसाहाय्य दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केले. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे दिव्यांग माणसाला अडीच हजार मिळतात, मग आम्हाला किती?

कर्नाटकात ४० ते ७५ टक्के अपंगत्वाला ८०० रुपये, ७५ टक्क्यांच्या वर १,४०० आणि बौद्धिक दिव्यांगत्वाला २,००० रुपये अशी मासिक पेन्शनची रचना आहे. केंद्राचा वाटा याहून केविलवाणा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजनेत केंद्र दरमहा ३०० रुपये देते, तेही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असेल तरच. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही.

इथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २४ काढून वाचण्यासारखे आहे. सामाजिक सुरक्षा योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कर्नाटकात संध्या सुरक्षा योजनेखाली ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना १,२०० रुपये मिळतात. त्यावर २५ टक्के धरले तर १,५०० होतात. म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्व सोडले तर दोन्ही गट या हिशेबात कमीच भरतात. ‘तशीच योजना’ कोणती यावर सरकारी वकील वाद घालू शकतील, पण निवेदन देणाऱ्या संघटनांनी हा मुद्दा आतापर्यंत जोरात मांडायला हवा होता.

हे झाले दिव्यांग व्यक्तीचे. तिला उठवणारी, अंघोळ घालणारी, रात्री कूस बदलून देणारी व्यक्ती या आकड्यांत कुठे आहे? त्याच कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही शब्दरचना आधीच घालून ठेवल्याने प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने वाट काढली. केरळने आश्वासकिरणम योजनेतून सांभाळणाऱ्याला दरमहा ६०० रुपये द्यायला सुरुवात केली. कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी दरमहा १,००० रुपये जाहीर केले. पाऊल चांगलेच आहे. पण अर्धांगवायूने आडवा झालेला बाप, तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली बहीण किंवा स्मृतिभ्रंश झालेली सासू या चार नावांत बसत नाही. कष्ट तेवढेच, आजाराचे नाव वेगळे, म्हणून भत्ता नाही.

घरातल्या घरातही पैसा सांभाळणाऱ्यापर्यंत पोचतोच असे नाही. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये रेशन कार्डावर जी स्त्री कुटुंबप्रमुख आहे तिच्या खात्यात जातात. आपल्याकडे कार्डावर सासूबाईंचे नाव वर असते आणि सेवा करणारी असते सून. अनेकदा तिने त्यापायी शिवणकाम किंवा शाळेतली नोकरी सोडलेली असते. सरकारच्या लेखी ती ‘कुटुंबातील एक सदस्य’. तिच्या गेलेल्या पगाराला कुठल्याच अर्जात रकाना नाही. एकत्र कुटुंबातला दीर प्राप्तिकर भरत असेल तर बी.पी.एल. कार्डच धोक्यात येते, आणि त्यावर उभ्या असलेल्या बाकीच्या सवलतीही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात बी.पी.एल. कार्डे रद्द करण्यावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर सरकारने बहुतेकांची कार्डे परत देण्याचे ठरवले, पण करदाते आणि सरकारी नोकर वगळूनच.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातातली आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायचे असते, हे बहुतेक घरांत कोणाच्या मनातच येत नाही. ‘वय झालं, आता असंच चालायचं,’ एवढ्यावर विषय संपतो. पक्षाघातामुळे आलेले चलनविषयक अपंगत्व कायद्यात बसते आणि पार्किन्सनही २१ प्रकारांच्या यादीत आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर एकत्रच होतो. सामाजिक सुरक्षेची पेन्शन मात्र एकाच वेळी एकच घेता येते. संध्या सुरक्षेचे १,२०० सोडून दिव्यांग पेन्शनकडे वळायचे तर टक्केवारी ७५ च्या वर आहे ना, हे आधी पाहावे. खाली असेल तर १,२०० चे ८०० व्हायचे. पेन्शन बदलायची नसली तरी प्रमाणपत्र काढून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

सीमाभागाची खरी गोची पुढे आहे. आपली घरे तीन राज्यांत पसरलेली. लेक चंदगडला दिलेली, मुलगा फोंड्याला नोकरीला, आई येळ्ळूरला. आईला सांभाळायला लेकीकडे न्यायचे ठरले की यूडीआयडी कार्ड देशभर चालते, पण पेन्शन सोबत जात नाही. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचीही अट १५ वर्षांचीच. अंथरुणावरच्या सत्तरीतल्या बाईने पंधरा वर्षे थांबायचे? महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा दोन्ही सरकारांत शब्दांच्या फैरी झडल्या. ती मदत दवाखान्याच्या बिलापुरती आहे, दरमहाच्या पेन्शनला तिचा उपयोग नाही. दोन्हीकडे पत्ता ठेवून दोन पेन्शन घेण्याचा सल्ला देणारे लोकही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. आधार एकच असल्याने हे उघडकीला येते आणि वसुली निघते.

भाषेचा अडसर आहेच. नाडकचेरीतले अर्ज आणि मंजुरीचे आदेश कन्नडमध्ये असतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासूनचे केंद्राचे धोरण कागदावरच राहिले. ही लढाई लढायची तेव्हा लढू. पण रेशन कार्डावर कन्नडमध्ये एक नाव, आधारवर इंग्रजीत दुसरे स्पेलिंग आणि पासबुकावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, अशा फरकाने अर्ज अडकतो, तो आजच सोडवायला हवा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही तेही पाहावे. ग्रामपंचायत पातळीवर ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो. हे बहुधा स्वतः दिव्यांग असतात आणि अर्ज कुठे अडला ते त्यांना नेमके ठाऊक असते. आपल्या गावचा कोण, हे पंचायतीत विचारून घ्यावे.

नोकरदारांची स्थिती थोडी बरी. अवलंबित दिव्यांगासाठी ८० डीडी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर वजावट ७५,००० रुपयांची, तर ८० टक्क्यांच्या वर १,२५,००० ची आहे. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली आपोआप लागू होत असल्याने अनेकांची ती नकळत सुटते. हिमाचल प्रदेशातील एका सहायक प्राध्यापिकेला दिव्यांग मुलासाठी बालसंगोपन रजा नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक गरज असल्याचे सांगितले. दुकानात किंवा विणकामात राबणाऱ्या आईला मात्र रजाच नसते, त्यामुळे तिच्यासाठी हा निकाल बातमीपुरता.

शेवटचा मुद्दा पालकत्वाचा. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात हे अचानक पुढ्यात येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. आईवडील हयात असतानाच हा अर्ज केलेला बरा, कारण त्यांच्यानंतर भावंडांत एकमत होईलच याचा भरवसा कोणी द्यावा? सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्यावेत.